आजीचा चमचा

अवनी आजीवर गेली आहे, हे घरात पहिल्यांदा कोण म्हणालं ते आता कुणालाच सांगता येणार नाही. बारशाला आलेल्या एखाद्या बाईनं म्हटलं असेल. पण ते सगळ्यांच्या तोंडी बसलं. शेजारपाजारचे म्हणायचे, मंडळाच्या गणपतीत भेटणाऱ्या बायका म्हणायच्या, आणि सगळ्यांत जास्त म्हणायचे ते विश्वनाथराव, अवनीचे आजोबा. नातीला मांडीवर घ्यायचे, तिचं मनगट दोन बोटांत धरायचे आणि म्हणायचे, "बघा, अगदी पद्मजा. मूठभर."

पद्मजा म्हणजे त्यांची बायको. ती खरंच मूठभर होती. लग्नात हार घालायला तिला पाटावर उभं केलं होतं, तरी विश्वनाथरावांना मान वाकवावी लागली. "दिल्लीला नेताय खरं, पण खिशात घालून न्या, गर्दीत सापडायची नाही," असं तिचे मामाच म्हणाले होते. सगळे हसले, तीही हसली.

ती राजापूरकडची, हे अकोल्याचे. केंद्र सरकारची नोकरी म्हणून दिल्लीत आलेले. पहिला संसार हिंदूराव हॉस्पिटलजवळच्या उतारावर भाड्याच्या एका खोलीत, मग सरकारी क्वार्टर, मग मयूर विहारचा फ्लॅट. सगळीकडे पद्मजेची एकच तक्रार. पोट फुगायचं, दुखायचं, मधूनच बिघडायचं. रक्त कमी. लोहाच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू, आणि त्या गोळ्यांचा काही उपयोग नाही. मुलगी रेवती होण्याआधी दोनदा दिवस राहिले आणि टिकले नाहीत. "दिल्लीचं पाणी हिला मानवत नाही," असं विश्वनाथराव लोकांना सांगायचे. त्यांची आई वऱ्हाडातून आली की म्हणायची, "हिचं खाल्लेलं अंगी लागत नाही बाई." मे महिन्यात पद्मजा माहेरी गेली की महिन्याभरात गाल भरून यायची, चेहऱ्यावर तजेला असायचा. "माहेरचं पाणी," सगळे म्हणायचे. मग जून उजाडायचा, ती परत यायची आणि पावसाळा संपेपर्यंत पुन्हा होती तशी व्हायची.

अवनीच्या पहिल्या वाढदिवसाला पद्मजेनं करोल बागेतल्या सोनाराकडून चांदीचे वाळे घेतले. सोनार म्हणाला, "बच्ची बढ़ेगी माताजी, थोड़ा बड़ा ले लो." तेव्हा पद्मजा विश्वनाथरावांकडे बघून म्हणाली, "माझ्यावर गेली असेल तर हेच लग्नापर्यंत पुरतील." ते वाळे अवनीच्या पायात तिसऱ्या वर्षी सहज जात होते. चौथ्या वर्षीही टाचेवरून अलगद उतरायचे. घरात त्याचं कौतुक होतं.

पद्मजा गेली ती त्याआधीच. हिवाळ्यात बाथरूममध्ये पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन करणारे डॉक्टर म्हणाले, या वयाच्या मानानं हाडं फारच ठिसूळ आहेत. मग अंगात रक्त नाही, मग छातीत कफ, मग एक दिवस ते संपलंच. मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये विश्वनाथराव एकटे राहिले. सकाळी दोन कप चहा टाकायचे, आणि टाकल्यावर लक्षात यायचं. रेवती आली आणि त्यांना गुरुग्रामला घेऊन गेली. लेकीच्या घरी कायमचं राहायचं हे त्यांच्या मनाला पटत नव्हतं, पण जावई अनुराग साधा माणूस होता. तो म्हणाला, "बाबा, तुम्ही आलात तर अवनीशी मराठी बोलणारं कुणी तरी घरात असेल. आम्ही दोघं नुसते कॉलवर असतो."

येताना त्यांनी कपडे आणले, पद्मजेचा एक फोटो आणला आणि स्वयंपाकघरातून एकच वस्तू आणली. गव्हाच्या सत्त्वाची काचेची बरणी.

ते सत्त्व पद्मजेनं शेवटच्या उन्हाळ्यात केलं होतं. अवनी भरत नाही म्हणून. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटायचे, फडक्यातून पिळून काढायचे. चोथा टाकायचा. पांढरं पाणी स्थिर ठेवलं की खाली सत्त्व बसतं, ते ताटात घालून बाल्कनीत वाळवायचं. दिल्लीचं ऊन त्याला उत्तम. पिळायला तिच्या हातात जोर राहिला नव्हता, म्हणून विश्वनाथराव पिळत होते आणि ती शेजारी स्टुलावर बसून सूचना देत होती. "अहो, जोरात. फाईल नाही ती, सही करून सोडून द्यायला." वाळल्यावर बोटानं चाखून ती म्हणाली होती, "गव्हातलं जडपण सगळं गेलं बघा. राहिलं ते नुसतं सत्त्व. हे पोरीला लागणार."

गुरुग्रामच्या घरात सकाळी नऊनंतर आजोबा आणि नात दोघंच असायची. रेवती कॅबनं निघून जायची, अनुराग आतल्या खोलीत दार लावून लॅपटॉपपाशी बसायचा. विश्वनाथरावांना स्वयंपाकातलं एवढंच येत होतं. दुधात सत्त्व कालवायचं, गाठी होऊ न देता शिजवायचं, साखर आणि वेलची घालायची. अवनी ओट्याशी उभी राहून बघायची. ती ते आवडीनं खायची असं नाही, तिला काहीच आवडीनं खायचं नसायचं. पण हे आजीनं केलंय म्हटलं की तोंड उघडायची.

त्या सोसायटीत खालच्या मजल्यावर एक पंजाबी बाई राहायच्या, मनमोकळ्या. त्यांनी एक दिवस पिशवी भरून कपडे पाठवले. छान, जवळजवळ नवे. "हमारे छोटे वाले को छोटे हो गए, अवनी को आ जाएँगे." रेवतीनं फोनवरून थँक्यू म्हटलं. मग ती पलंगावर ते कपडे घेऊन बसली आणि बराच वेळ उठली नाही.

विश्वनाथरावांनी विचारलं, "काय झालं?"

"बाबा, त्यांचा धाकटा अवनीपेक्षा वर्षानं लहान आहे."

"मग? ते पंजाबी. लस्सी पिऊन वाढलेले."

"त्याचे लहान झालेले कपडे हिला होतायत."

"तुझी आई अशीच होती," विश्वनाथराव म्हणाले. "काय बिघडलं तिचं? चाळीस वर्षं संसार केला."

रेवतीनं अवनीला हाक मारली, तिचा फ्रॉक वर केला आणि पोट बघितलं. पोट नगाऱ्यासारखं होतं आणि हातपाय काटक्या. हे रोज आंघोळ घालताना दिसायचं. पण रोज दिसतं ते कुणी बघत नाही.

तसे उपाय घरात चालूच होते. पाण्याचा फिल्टर अनुरागनं दोनदा बदलला होता. जंताचं औषध देऊन झालं होतं. आधी सांभाळायला येणारी बाई मोबाईल दाखवून भरवते म्हणून तिला काढलं होतं. दात येतायत, हवा वाईट आहे, शाळेतून आजार आणते, बिस्किटं फार खाते, दूध फार पिते, दूध फार कमी पिते. घरात प्रत्येकाजवळ एकेक कारण होतं, आणि बहुतेक कारणांच्या टोकाला कुणीतरी दुसरं होतं. अनुराग म्हणायचा, "आमच्याकडे सगळे ताडमाड. हे माझ्या बाजूचं नाही." रेवती म्हणायची, "हो, तुमच्याकडचं फक्त घोरणं आलंय तिच्यात." मग दोघं हसायची आणि विषय मिटायचा.

या वेळी मिटला नाही. रेवतीनं मुलांच्या पोटाच्या डॉक्टरांची वेळ घेतली. डॉक्टर चेतना म्हणून होत्या, पन्नाशीच्या, हळू बोलणाऱ्या. विश्वनाथरावही गेले. बाहेरच्या बाकावर बरीच मुलं होती. एक बाई मानेसरच्या कारखान्यांच्या वस्तीतून आलेली, तिचं बाळ सारखं जुलाबानं आजारी. ती स्वतःच इतकी फिकी होती की आधी तिलाच तपासावं असं वाटत होतं. एक मोठ्या गाडीतून आलेलं जोडपं, त्यांचा मुलगा दूध सोडून काहीच खात नव्हता. गरिबाचं पोर वाढत नाही हे विश्वनाथरावांना समजत होतं. पण आपण इथे का बसलो आहोत हे त्यांना समजत नव्हतं. त्यांना अपमान झाल्यासारखं वाटत होतं. तो स्वतःचा नव्हे, पद्मजेचा.

डॉक्टरांनी वजन केलं, उंची घेतली, मग खूप प्रश्न विचारले. जन्माचं वजन किती, अंगावर किती दिवस पाजलं, वरचं कधी सुरू केलं, आधी काय दिलं, शी कशी होते. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "ये छोटी बच्ची नहीं है. इसका बढ़ना रुका हुआ है." मग रक्त तपासलं, पुढच्या खेपेला भूल देऊन नळी घालून आतड्याचा तुकडाही तपासला.

निदान निघालं तेव्हा डॉक्टरांनी कागदावर आतडं काढून दाखवलं. आतल्या बाजूला गालिच्यासारखे बारीक धागे असतात, अन्न ते शोषून घेतात. काही जणांना गहू सोसत नाही. गहू पोटात गेला की शरीर आपल्याच आतड्याशी भांडतं आणि तो गालिचा झिजून सपाट होतो. मग दूध द्या, अंडी द्या, तूप द्या, सगळं वरून वाहून जातं. "आप कितना भी खिला लो," त्या म्हणाल्या, "खाया-पिया लगेगा ही नहीं."

विश्वनाथरावांनी मान वर केली. हे वाक्य त्यांनी आईच्या तोंडून ऐकलेलं होतं. वऱ्हाडीत.

"गहू आणि जव बंद. कायमचे," रेवती हिंदीतलं मराठीत करून स्वतःलाच सांगत होती. "पोळी, ब्रेड, बिस्किट, रवा, मैदा, शेवया."

"बिल्कुल बंद. थोड़ा सा भी नहीं," डॉक्टर म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "परिवार में किसी को ऐसा कुछ? बहुत दुबला, छोटा कद, खून की कमी, पेट की तकलीफ़?"

रेवतीनं बाबांकडे बघितलं.

"नहीं," विश्वनाथराव म्हणाले. "कोई नहीं." त्यांचा चेहरा बघून रेवतीनं ते तसंच राहू दिलं.

खोटं बोलायचं असं त्यांच्या मनात नव्हतं. पद्मजा आजारी नव्हती, पद्मजा तशीच होती. तिचं मूठभर असणं, तिचं हळू चालणं, जिना चढताना मध्येच थांबून "तुम्ही व्हा पुढे" म्हणणं, ही सगळी मिळून पद्मजा. त्यातलं काही उचलून या बाईंच्या टेबलावर ठेवायचं आणि याला रोग म्हणा असं सांगायचं, हे त्यांच्या जिभेला जमलं नाही.

घर बदललं. कणकेचा डबा गेला. अनुराग म्हणाला, "मीही सोडतो, चलो, ढेरी तरी कमी होईल." भाकऱ्या आल्या, त्या थापायला यूट्यूब आलं. पहिल्या भाकरीला पाकिस्तानचा नकाशा म्हणून झालं. रेवतीनं नाचणीच्या सत्त्वाचं पाकीट आणलं आणि सांगितलं, "बाबा, सकाळी आता हे करत जा. आईचं सत्त्व संपलंच असेल ना?"

"संपत आलं," विश्वनाथराव म्हणाले. रेवतीनं ते संपलं असंच धरलं.

ते खरंच संपत आलं होतं. बरणीत तळाला चार बोटं राहिलं होतं. विश्वनाथरावांनी डॉक्टरांचं ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून नाचणी शिजवू लागले. पण भांडं खाली उतरवताना त्यांचा हात बरणीकडे गेला. एक लहान चमचा, तोही काठोकाठ नाही. शिजवण्याकरता नव्हे, देवाच्या नैवेद्यावर तुळशीचं पान ठेवतात तसा. अवनीच्या जेवणाला रोज आजीचा हात लागावा एवढंच. पोळी, ब्रेड, बिस्किट, रवा, मैदा, शेवया यांत सत्त्व कुठे आलं? गव्हातलं जडपण तर पद्मजेनं आधीच काढून टाकलेलं. चोथ्याबरोबर गहू गेला, हे त्यांनी स्वतःच्या हातानं पिळून बघितलं होतं.

अवनीला ती गंमत वाटायची. ओट्याशी उभी राहून विचारायची, "आजोबा, आजीचा चमचा घातला?"

"घातला."

"दाखवा." मग ते रिकामा चमचा दाखवायचे. त्याला पांढरी धूळ लागलेली असायची, ती अवनी बोटानं चाटायची.

पहिले काही आठवडे फरक दिसला. जुलाब थांबले, पोट थोडं उतरलं, पोर चिडायची कमी झाली. मग गाडी अडली. शाळेचा गणवेश दिवाळीतही तेवढाच लांब होता. रेवती हिंगावर घसरली. डबीवर वाचलं तर हिंगात कणीक मिसळलेली. तिनं हिंग फेकला. मग सॉस गेला, मंदिरातला प्रसाद बंद झाला. शाळेत मुलं खेळायला पिठाचे रंगीत गोळे वापरतात, ते हातातून तोंडात जातात म्हणून ती बाईंशी भांडून आली. अनुरागला विचारलं, "तू बाहेर नेऊन काही देतोस का तिला? खरं सांग यार." तो म्हणाला, "मी मला स्वतःला देत नाही, तिला कुठून देऊ?" बाबांना तिनं विचारलं नाही. बाबा नाचणी करतात हे तिला माहीत होतं, रोज संध्याकाळी आल्यावर धुवायला टाकलेलं पातेलं तिला दिसत होतं.

रक्त पुन्हा तपासलं. आकडा उतरायला हवा होता तितका उतरला नव्हता. डॉक्टर चेतनांनी रिपोर्ट खाली ठेवला. "कहीं से गेहूँ जा रहा है," त्या म्हणाल्या.

रेवतीचा बांध फुटायचाच बाकी होता. ती म्हणाली, "डॉक्टर, माझ्या घरात हिंगसुद्धा नाही आता." हे ती मराठीत बोलली, मग लक्षात येऊन हिंदीत बोलली.

डॉक्टर अवनीकडे वळल्या. पोर टेबलावरच्या प्लॅस्टिकच्या सांगाड्याशी खेळत होती. "अवनी बेटा, सुबह क्या खाती हो?"

"नाचणी."

"अच्छा. और नाचणी में क्या?"

"दूध. चीनी. इलायची," अवनीनं बोटांवर मोजलं. "और आजी का चम्मच."

"कसला चमचा?" रेवती म्हणाली.

अवनीनं आजोबांकडे बोट दाखवलं, लाडानं, शाळेत आपल्या माणसाला दाखवावं तसं.

विश्वनाथराव खुर्चीत पुढे सरकले. "ते काही नाही," ते म्हणाले. "पद्मजेच्या हातचं सत्त्व आहे. एवढासा असतो. नुसता वरून."

"वो किस चीज़ का बनता है?" डॉक्टरांनी विचारलं.

विश्वनाथराव सांगू लागले. भिजवायचं, वाटायचं, पिळायचं, चोथा टाकायचा. ते नीट, क्रमानं सांगत होते, ऑफिसात वरिष्ठांना एखादं प्रकरण सांगावं तसं. कशाला भिजवायचं हे सांगायचं राहून जात होतं. डॉक्टर वाट बघत होत्या. मग ते म्हणाले, "गेहूँ." आणि स्वतःच्या तोंडून तो शब्द ऐकल्यावर त्यांचं बोलणं तिथेच थांबलं.

डॉक्टर रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, घरी कितीही धुतलं, गाळलं, तरी त्यातलं थोडं राहतंच. आणि या आजारात ब्रेडच्या चुऱ्याएवढंही रोज गेलं तरी पुरतं. जो गालिचा भरून येत असतो तो पुन्हा झिजतो. "आपको किसी ने बताया नहीं होगा," त्या म्हणाल्या. हे त्यांनी चांगुलपणानं म्हटलं, पण विश्वनाथरावांना ते सहन झालं नाही. त्यांना सगळ्यांनी सांगितलं होतं.

"मैंने आपसे पिछली बार झूठ बोला," ते म्हणाले. "घर में थी एक. इसकी नानी."

मग त्यांनी पद्मजेचं सगळं सांगितलं. पोट, गोळ्या, न टिकलेले दिवस, खुब्याचं हाड. माहेरी जाऊन गाल भरून येणं. "आम्ही पाणी म्हणायचो," ते म्हणाले. "राजापूरला तिच्या घरी दोन्ही वेळा भातच असतो." हे बोलताना ते मराठीत कधी आले ते त्यांना कळलं नाही. डॉक्टरांनाही बहुतेक समजत होतं, कारण त्यांनी अडवलं नाही.

"उन्हें भी यही था?" रेवतीनं विचारलं.

"अब कैसे कहें," डॉक्टर म्हणाल्या. "जाँच तो हुई नहीं. हो सकता है." मग त्या म्हणाल्या, रेवतीनंही एकदा रक्त तपासून घ्यावं.

परत येताना गाडीत अवनी झोपली. अनुराग गाडी चालवत होता, रेवती मागे बाबांच्या शेजारी होती. गुरुग्रामच्या त्या उंच काचेच्या इमारती एकामागून एक येत होत्या. विश्वनाथराव खिडकीतून बघत होते, पण त्यांना दिसत होतं ते सरकारी क्वार्टरमधलं स्वयंपाकघर. पद्मजेची घडीची पोळी. अख्ख्या कॉलनीत तशी पोळी कुणाला येत नव्हती. ती दुपारी एकटी असली की स्वतःपुरता मऊभात टाकायची. रविवारी ते घरी असले आणि तिनं भात घेतला की ते म्हणायचे, "भातानं काय अंगात येणार? पोळी खा." ती म्हणायची, "मला भात बरा वाटतो हो." मग ते आपल्या पानातली पोळी, भरपूर तूप लावलेली, उचलून तिच्या पानात टाकायचे. ती खायची. नवऱ्यानं मायेनं दिलेलं कोण टाकेल? चाळीस वर्षं त्यांना वाटत होतं, आपण बायकोवर कधी हात उगारला नाही, कधी कमी पडू दिलं नाही, आपल्या ताटातलं काढून तिला दिलं.

"बाबा," रेवती म्हणाली.

"बोल."

"काही नाही." मग ती म्हणाली, "मला राग आलाय. पण कुणावर काढू ते कळत नाहीये. आई असती तर तिच्यावर काढला असता."

"माझ्यावर काढ."

"तुमच्यावर काढून झाला. खोलीत. मनात." तिनं त्यांचा हात धरला. "तुम्हाला पोळीच लागायची हो, बाबा. रोज. दोन्ही वेळा."

"हो," ते म्हणाले.

घरी आल्यावर रेवतीनं अवनीला पलंगावर ठेवलं आणि स्वयंपाकघरात गेली. विश्वनाथराव आधीच तिथे होते. बरणी ओट्यावर होती. रेवती म्हणाली, "मी टाकू?"

"नको. मी टाकतो."

पण त्यांनी झाकण उघडलं नाही. मग रेवतीनंच ते उघडलं आणि बरणीत नाक घातलं. त्या सत्त्वाला तसा वास नव्हता. उन्हाचा म्हणा, फडक्याचा म्हणा. ती तशीच उभी राहिली, मग तिचे खांदे हलायला लागले. आई गेली तेव्हा ती रडली नव्हती. हॉस्पिटलची कामं, माणसं, फोन यांत ते राहूनच गेलं होतं. विश्वनाथरावांनी तिच्या हातातून बरणी घेतली आणि नळाखाली धरली. पाणी पडलं तसं सत्त्व दुधासारखं झालं आणि सिंकमधून वाहून गेलं. तळाशी थोडं चिकटून राहिलं होतं. ते त्यांनी बोटानं खरवडून काढलं, मग बरणी साबणानं घासली, मग पुन्हा एकदा घासली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अवनीनं विचारलं, "आजोबा, आजीचा चमचा?"

"संपला बाळा."

"आता कधी करणार आजी?"

विश्वनाथराव पातेल्यात ढवळत राहिले. पोरीला आजी गेलेली माहीत होती, पण तिच्या हिशेबात गेलेली माणसं सत्त्व करू शकत होती. नाचणी खाली लागली. त्या दिवशी तशीच करपट खाल्ली दोघांनी.

रेवतीच्या रक्तात काही निघालं नाही. अवनी हळूहळू सुधारत गेली. एकदम काही झालं नाही. आधी तिला भूक लागायला लागली. "भूक लागली" हे वाक्य त्या घरात पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अनुराग मीटिंग सोडून बाहेर आला. विश्वनाथराव भात, उकड, घावन शिकले. राजापूरला पद्मजेची वहिनी होती, तिला फोन करून विचारायचे. वहिनी म्हणायची, "भावोजी, पद्मा असताना हे सगळं तुम्ही आजाऱ्याचं खाणं म्हणायचात." ती थट्टा करत होती. विश्वनाथराव "हो" म्हणायचे आणि तांदूळ किती वेळ भिजवायचे ते पुन्हा विचारायचे.

उन्हाळा येईतो पोरीचे गाल वर आले, हाताला गोलाई आली. ते गाल माहेराहून आलेल्या पद्मजेसारखे दिसायचे. तेवढे दिवस विश्वनाथराव तिच्याकडे बघत बसायचे. पण पद्मजेचे गाल पुन्हा आत जायचे. अवनीचे गेले नाहीत. ती वाढतच राहिली. हनुवटी अनुरागसारखी निघाली, पाय लांब झाले. आजीवर गेली आहे असं आता कुणी म्हणेना. विश्वनाथरावांनी तिचं मनगट बोटांत धरणं बंद केलं, कारण बोटं जुळत नव्हती.

वाढदिवसाच्या सकाळी अवनीनं वाळे मागितले. रेवतीनं घालायचा प्रयत्न केला. टाचेपाशी अडले. पोर कळवळली, तरी हट्ट सोडेना. "आजीचे आहेत, मला घालायचेत." रेवतीनं साबण लावून पाहिला, मग बाबांकडे बघितलं.

विश्वनाथराव मेट्रोनं करोल बागेत गेले. दुकान तेच होतं. वाळे हातात घेऊन सोनार म्हणाला, हे असेच मोठे होणार नाहीत, वितळवून, वर चांदी घालून नवे करावे लागतील. यावरची नक्षी जाईल. तशाच नक्षीचे देतो, पण हे राहणार नाहीत. नाहीतर आठवण म्हणून हे ठेवून द्या, नवे वेगळे घ्या. बरेच लोक तसं करतात.

विश्वनाथरावांनी वाळे परत हातात घेतले. इतके लहान होते की दोन्ही एका मुठीत मावत होते. त्यांनी ते थोडा वेळ धरून ठेवले. दुकानात दुसरी गिऱ्हाइकं आली, सोनार त्यांच्याकडे वळला, मग परत आला.

"गला दीजिए," विश्वनाथराव म्हणाले आणि वाळे काचेवर ठेवले. "और ज़रा बड़े बनाना. बच्ची बढ़ रही है."